साठच्या दशकातली अमेरिका : हिप्पी किती आणि इस्त्रीवाले किती?

मागच्या अंकात ह्या सदरात मी सहज एक वाक्य टाकलं होतं, की आज आपण जी अमेरिका बघतो तिचा बराचसा साचा १९६० ते १९७० ह्या दहा वर्षांत पडला. तेवढ्यावरून महाडपासून शिरोड्यापर्यंत लोकांनी पत्रं धाडली, काहींनी व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज टाकले, एक तर सहा मिनिटांचा, आणि मागे कोंबडा आरवतोय. सगळे प्रश्न घेणं जागेअभावी शक्य नाही, जे परत परत आले ते घेतोय.

प्रश्न : आमचे आजोबा म्हणतात त्या काळात अमेरिकेतली सगळी पोरं वाया गेली, केस वाढवून गोव्यात येऊन पडली. खरंच अख्खा देश हिप्पी झालेला का? (वेंगुर्ल्याहून एक कॉलेजकुमार)

आजोबांना नमस्कार सांग, कारण मीही तेच बघत वाढलोय. १९७१ची गोष्ट, मी सातवीत, आरोंद्याला आजीकडे आलेलो. किरणपाणीच्या होडीतून एक लांब केसांचा गोरा उतरला, अनवाणी, गळ्यात मणी, आणि मनगटावर एक झकास घड्याळ. आजीने ओटीवरूनच विचारलं, "ह्यो खयचो रे? ह्येका आवस-बापूस नाय?" आणि मग त्याला बोलावून पेज वाढली. सोबत भाजलेला सुका बांगडा दिला तर त्याने हात जोडून नको म्हटलं, मी मासे-मांस खात नाही असं खुणेने सांगितलं, तर आजी आत येऊन हळूच म्हणाली, "बामण असतलो."

मग इंग्रजीचे मास्तर आले, त्यांनी चौकशी केली तेव्हा कळलं की त्याचा कसला तरी नंबर तीनशेच्या वर निघाला म्हणून तो सुटला आणि फिरायला निघाला. आम्हा पोरांना वाटलं हा मटक्याचा आकडा. खरा प्रकार मला खूप वर्षांनी वाचून कळला. व्हिएतनामच्या लढाईसाठी तिकडे सक्तीची भरती होती, आणि कोणाला आधी न्यायचं हे ठरवायला १ डिसेंबर १९६९ला वॉशिंग्टनमध्ये चक्क सोडत काढली, टीव्हीवर सगळ्या देशासमोर. काचेच्या भांड्यात ३६६ निळ्या प्लॅस्टिकच्या कुप्या, प्रत्येकीत वर्षातली एक तारीख. पहिली निघाली १४ सप्टेंबर. म्हणजे १९४४ ते १९५० मध्ये जन्मलेल्यातला जो कोणी १४ सप्टेंबरचा असेल तो नंबर एक, आधी त्याला बोलावणं. त्या सोडतीतले १९५ नंबरपर्यंतचे बोलावले गेले, त्यापुढचे वाचले. आपल्याकडे जन्मतारखेवरून पत्रिका मांडतात, तिकडे त्यांच्या सरकारनेच मांडली म्हणायची. त्या लढाईत ५८ हजारांहून जास्त अमेरिकन गेले, व्हिएतनामी किती गेले ते लाखांत मोजतात.

आता मूळ प्रश्न. नाही रे बाबा, अख्खा देश अजिबात हिप्पी झाला नव्हता. १९६७च्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-ॲशबरी भागात पोरं जमली त्यांचा आकडा फार फार तर लाखभर सांगतात. ऑगस्ट १९६९ला न्यूयॉर्क राज्यात एका दुधाच्या धंद्यावाल्याच्या शेतावर वुडस्टॉकचा जलसा झाला, पहिल्याच दिवशी आपले रविशंकर पावसात सतार वाजवून गेले, तिथे चारेक लाख माणूस होतं. आणि देशाची लोकसंख्या तेव्हा २० कोटी. म्हणजे बघ. त्याच २० कोटींच्या देशाने १९६८ला निक्सन हा जुन्या वळणाच्या लोकांचा उमेदवार प्रेसिडेंट म्हणून निवडून दिला आणि १९७२ला परत दिला, तेही ५०पैकी ४९ राज्यांतून. केस वाढवणारे मतं देत असते तर असं झालं नसतं.

मग दिसले तेच का? एक तर टीव्ही. १९६०मध्येच तिकडे दहातल्या जवळजवळ नऊ घरांत टीव्ही होता, आणि कॅमेऱ्याला शांतपणे भांडी घासणारा माणूस दाखवण्यात काय इंटरेस्ट. दुसरं म्हणजे पोरंच इतकी होती. महायुद्धावरून सैनिक परत आले, लग्नं झाली, सरकारने शिक्षणाला आणि घराला पैसे दिले, आणि १९४६ ते १९६४ मध्ये साडेसात कोटींहून जास्त मुलं जन्माला आली. त्यातली पहिली खेप १९६४ला अठराची झाली. कॉलेजातली पोरं दहा वर्षांत दुपटीहून जास्त वाढली. एवढी तरणी पोरं एका जागी, हातात थोडे पैसे, वर लढाईची टांगती तलवार, आणि मत द्यायचं वय मात्र २१. लढायला अठरा चालतं आणि मताला चालत नाही, हे कोणाच्याही डोक्यात जाईल. ते शेवटी १९७१ला घटना दुरुस्त करून १८ केलं. आपल्याकडे त्याला १९८९ उजाडलं, हे जाता जाता.

पण माझं मत विचारशील तर त्या दशकात खरोखर उलथापालथ ज्यांनी केली ते केस वाढवलेले नव्हतेच, ते इस्त्रीचे कपडे घालून आलेले होते. ते पुढच्या उत्तरात येतंच आहे.

प्रश्न : आमच्या महाडच्या चवदार तळ्यासारखं काही अमेरिकेत झालेलं का? त्यांनी आपल्याकडून घेतलं की आपण त्यांच्याकडून? (महाडहून एक शिक्षिका)

बाई, तुमचा प्रश्न वाचून खरंच बरं वाटलं, कारण हे दोन्ही प्रसंग शेजारी शेजारी ठेवून बघायची आपल्याला सवयच नाही.

१ फेब्रुवारी १९६०. नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं ग्रीन्सबरो गाव. कॉलेजातली चार काळी पोरं वूलवर्थच्या दुकानात गेली. नीटनेटके कपडे, कोट-टाय वगैरे. आधी त्यांनी टूथपेस्ट आणि असल्याच बारीकसारीक वस्तू घेतल्या, पैसे दिले, पावती घेतली. आणि मग त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर उंच स्टुलांवर जाऊन बसली आणि कॉफी मागितली. तो काउंटर गोऱ्यांसाठी. नाही मिळाली. पण पावती खिशात होती ना, म्हणजे मुद्दा साधा, की माझे पैसे तुम्ही त्या काउंटरला घेतलेत मग ह्या काउंटरला का नाही? दुकान बंद होईपर्यंत बसून राहिली. दुसऱ्या दिवशी वीस-पंचवीस जण, चार दिवसांत शेकडो, काही आठवड्यांत दक्षिणेतल्या कितीतरी शहरांत तेच. २५ जुलैला त्या काउंटरवर काळ्यांना पहिल्यांदा वाढलं गेलं, आणि पहिले जेवले ते त्याच दुकानात काम करणारे काळे नोकर.

मला ह्यात त्या पावतीचं फार कौतुक वाटतं. हे डोकं चिडलेल्या माणसाचं नाही, तयारी करून आलेल्या माणसाचं आहे. आणि महाडलाही तसंच होतं की. १९२३ला बोले ठराव मुंबई कौन्सिलात पास, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. १९२४ला महाड नगरपालिकेने तळं खुलं केलं. कागद तयार होता, पाणी मात्र मिळत नव्हतं. २० मार्च १९२७ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले ते कायदा मोडायला नव्हे, तर आहे तो कायदा वापरायला. मग मारहाण झाली, कोर्टकज्जा झाला आणि हायकोर्टाचा निकाल यायला मार्च १९३७ उजाडला. दहा वर्षं, पाण्यासाठी.

फरक एवढाच की तिकडे दक्षिणेत वेगळेपणा हाच कायदा होता. वेगळी शाळा, बसमध्ये वेगळी जागा, आणि हो, वेगळा पाण्याचा नळ, वर पाटी लावलेला. आमच्याकडे पाटी नव्हती, पाटीची गरजच नव्हती. माझ्या लहानपणी गावातल्या चहाच्या हॉटेलात वळचणीला कान तुटलेला एक कप उपडा घातलेला असायचा, तो कोणाचा हे पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असायचं. प्यायचा, स्वतः विसळायचा, परत उपडा घालायचा. मी ते बघितलंय आणि तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, हेही लिहून टाकतो.

कोणी कोणाकडून घेतलं? महाडचं नाव ग्रीन्सबरोच्या पोरांना माहीत होतं असं म्हणायला काही आधार नाही, गांधींचं मात्र नक्की माहीत होतं. काळ्यांच्या हक्कांच्या लढ्याचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग १९५९ला महिनाभर भारतात फिरून गेलेले. त्यांनीच पुढे एका प्रवचनात सांगितलं की केरळातल्या एका शाळेत त्यांची ओळख अमेरिकेतले अस्पृश्य अशी करून दिली, त्यांना आधी धक्का बसला, रागही आला, आणि मग म्हणाले खरंच आहे की, मी तोच आहे. तर बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबियात शिकलेले, आणि १९४६ला त्यांनी ड्यू बॉइस ह्या काळ्यांच्या मोठ्या विचारवंताला पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्यांनी युनोकडे केलेला अर्ज मागवला होता. म्हणजे ये-जा होती. पुढे १९६६ला अमेरिकेत ओकलंडमध्ये काळ्यांचा ब्लॅक पँथर पक्ष निघाला आणि १९७२ला मुंबईत दलित पँथर, नाव सरळ तिकडून. तेव्हा हिशोब दोन्ही बाजूंनी मांडा.

कायद्याचं सांगायचं तर १९६४ला नागरी हक्कांचा कायदा झाला, हॉटेल-दुकानं सगळ्यांना खुली, आणि १९६५ला मतदान हक्काचा. ह्या दुसऱ्याचा परिणाम बघण्यासारखा आहे. मिसिसिपी राज्यात त्याआधी शंभर काळ्या प्रौढांमागे सातएक जणांचीच नावं मतदार यादीत होती, दोन वर्षांत ती साठच्या घरात गेली. गोऱ्याने काळ्याशी लग्न करणं तर १६ राज्यांत गुन्हा होता, तो सुप्रीम कोर्टाने जून १९६७ला काढला. आपला विशेष विवाह कायदा १९५४चा, म्हणजे कागदावर आपण तेरा वर्षं पुढे. कागदावर.

प्रश्न : माझी सून न्यू जर्सीला असते, ती म्हणते अमेरिकेत बायका पहिल्यापासून स्वतंत्र. मला काही पटत नाही. (देवगडहून एक आंबा बागायतदार काकू)

काकू, तुमचंच बरोबर, सुनेला हे उत्तर फॉरवर्ड करायला हरकत नाही, फक्त रविवारी करा म्हणजे भांडायला वेळ मिळेल.

१९६०च्या आसपास तिकडच्या पेपरात नोकरीच्या जाहिराती दोन वेगळ्या रकान्यांत यायच्या, पुरुष हवेत, स्त्रिया हव्यात. बायकांच्या रकान्यात सेक्रेटरी, टायपिस्ट, नर्स वगैरे. समान कामाला समान पगाराचा कायदा १९६३चा. नोकरीत बाई म्हणून डावलता येणार नाही हे १९६४च्या त्याच नागरी हक्क कायद्यात आलं, आणि ते आलं कसं तर व्हर्जिनियाचे एक खासदार होते हॉवर्ड स्मिथ, काळ्यांना हक्क द्यायच्या पक्के विरोधात, त्यांनी त्या कलमात स्त्री-पुरुष भेदाचा शब्द घालायची सूचना मांडली. सभागृहात हशा पिकला. बिल बुडवायला मांडली असं बरेच जण म्हणतात, काही म्हणतात त्यांचा तो जुना आग्रहच होता. काहीही असो, सूचना पास झाली, बिलही पास झालं, आणि अमेरिकन बायकांना नोकरीचा सगळ्यात मोठा कायदा मिळाला. तरी त्या दोन रकान्यांचा निकाल सुप्रीम कोर्टातून लागायला १९७३ उजाडलं.

गर्भनिरोधक गोळीला १९६०ला परवानगी मिळाली, पण कनेटिकट राज्यात नवरा-बायकोनेही असली साधनं वापरणं गुन्हा होता, तो १९६५ला कोर्टाने उडवला. लग्न न झालेल्यांना हा हक्क १९७२ला. क्रेडिट कार्ड मागायला बाई गेली की नवऱ्याची सही आण म्हणायचे, हे कायद्याने बंद झालं १९७४ला. आणि गर्भपात, आपल्याकडे कायदा १९७१चा, त्यांच्याकडे देशभर हक्क १९७३ला आला आणि २०२२ला कोर्टाने परत काढूनही घेतला.

ह्याचा अर्थ आपल्या बायका सुखात होत्या असा नाही हं. पण त्याच काळात आपल्या कोकणात अर्धी घरं बायकाच चालवत होत्या. नवरा गिरणीत, महिन्याला मनीऑर्डर, आणि इथे नांगरणी-लावणी, सोसायटीचं कर्ज, भाऊबंदकीची केस, म्हातारी सासू, सगळं तिच्या अंगावर, सातबाऱ्यावर नाव मात्र त्याचं. तिकडची उपनगरातली बाई वॉशिंग मशीन शेजारी असून कंटाळलेली आणि इकडची कंटाळायला बसेल तर भात कोण कापणार? दोघींची तक्रार मुळात एकच होती, की कष्ट माझे आणि सही त्याची. सुनेला म्हणावं, तू आज जे कार्ड सहज घासतेस ते तुझ्या आजेसासूच्या वयाच्या अमेरिकन बाईला मिळत नव्हतं.

प्रश्न : माझे मोठे मामा १९६९ला डॉक्टर म्हणून अमेरिकेला गेले. त्याआधी आमच्या पंचक्रोशीतून कोणीच का गेलं नव्हतं? (गुहागरहून)

कारण दार बंद होतं. १९१७ला त्यांनी आशियातल्या बहुतेक भागाला बंदी घातली. १९२३ला भगतसिंग थिंद नावाचे शीख गृहस्थ, अमेरिकन सैन्यात नोकरी केलेले, नागरिकत्वासाठी सुप्रीम कोर्टात गेले तर कोर्ट म्हणालं तुम्ही आर्य असाल पण आमच्या साध्या माणसाच्या भाषेत गोरे नाही, सबब नाही. १९४६ला थोडं किलकिलं केलं, भारताला वर्षाचा कोटा दिला, किती, तर १००. अख्ख्या देशाला शंभर. एसटीच्या दोन गाड्यांत मावतील.

मग ३ ऑक्टोबर १९६५ला प्रेसिडेंट जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी बसून नवीन कायद्यावर सही केली, आणि गंमत म्हणजे त्याच भाषणात म्हणाले की हा काही क्रांतिकारक कायदा नाही. दर देशाला वर्षाला २० हजारांपर्यंत जागा, शिकलेल्यांना आणि नातेवाइकांना प्राधान्य. तो पुरता लागू झाला १ जुलै १९६८ला. तुमच्या मामांचं वर्ष बघा, बरोब्बर बसतं. त्यात १९६५लाच तिकडे म्हाताऱ्यांना आणि गरिबांना सरकारी आरोग्य विमा द्यायचा कायदा झाला, पेशंट वाढले, डॉक्टर कमी पडायला लागले, आणि इकडे आपल्या सरकारी कॉलेजांतून स्वस्तात तयार झालेले डॉक्टर हजरच होते.

पुढचं तर आपल्याला शिकवायलाच नको. चाकरमानी मुंबईला कसा गेला? आधी एक जण गिरगावात किंवा लालबागला खोलीत घुसला, मग भावाला आणलं, मग भाच्याला, मग गाववाल्यांची खोली, एका खोलीत वीस वळकट्या. नातेवाइकांना बोलावायचं कलम हे तेच, फक्त वळकटीच्या जागी ग्रीन कार्ड. कायदा करणाऱ्यांना वाटलेलं ह्याचा फायदा युरोपातल्यांनाच होईल कारण नातेवाईक त्यांचेच तिथे जास्त. कोकणातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, एकाला खोली द्या, मग बघा मजा.

प्रश्न : शाळेत अमेरिकन दुधाची पावडर मिळायची, ती फुकट का द्यायचे? (मालवणहून एक निवृत्त पोस्टमन)

पूर्ण फुकट काहीच नसतं, तुम्ही पोस्टात होता तुम्हाला काय सांगायचं. त्यांच्याकडे धान्य आणि दूध गरजेपेक्षा जास्त पिकत होतं, भाव पडू नयेत म्हणून सरकार विकत घेऊन साठवायचं, आणि १९५४च्या पीएल-४८० कायद्याखाली ते आपल्यासारख्या देशांना द्यायचं. दूध पावडर दान खात्यात, गहू मात्र रुपयांत विकत. दुष्काळात, १९६६ला, आपण जवळपास एक कोटी टन धान्य बाहेरून आणलं, बहुतेक तिकडचंच, आणि जॉन्सनसाहेब जहाजं मुद्दाम मोजून मोजून सोडायचे, कारण आपण व्हिएतनामवरून त्यांना टोचून बोलत होतो. त्या गव्हाच्या पोळ्या रबरासारख्या व्हायच्या. दुधाला एक वास यायचा, आम्ही ते नाक दाबून प्यायचो आणि उरलेली पावडर कागदाच्या पुडीत घालून चाटायचो, ती मात्र छान लागायची.

प्रश्न : चंद्रावर माणूस गेला तेव्हा सगळी अमेरिका एक झालेली ना? (रत्नागिरीहून, इयत्ता नववी)

बरीचशी झाली, सगळी नाही. नील आर्मस्ट्राँगने पाय ठेवला तेव्हा आपल्याकडे २१ जुलै १९६९, सोमवार, सकाळचे साडेआठ वाजायला आलेले. टीव्ही तेव्हा फक्त दिल्लीत, मुंबईला आला १९७२ला, म्हणून आपण सगळं रेडिओवर ऐकलं. यान सुटायच्या आदल्या दिवशी किंग यांचे सहकारी राल्फ ॲबरनॅथी गरीब काळ्या लोकांना आणि खेचरांच्या गाड्या घेऊन उड्डाणतळाजवळ गेलेले, की चंद्राला पैसे आहेत आणि आमच्या पोटाला नाहीत. नासाचे प्रमुख बाहेर येऊन त्यांना भेटले, आणि काही जणांना उड्डाण बघायला पासही दिले. किंग तेव्हा हयात नव्हते, त्यांना एप्रिल १९६८ला मेम्फिसमध्ये गोळी घातली होती. पेपरात दोन मार्कांना आलं तर एवढं लिही.

चूकदुरुस्ती

मागच्या अंकात मी गोव्यातल्या कळंगुट-हणजुण्याच्या हिप्पींना सरसकट अमेरिकन म्हटलं होतं. शिरोड्याच्या एका वाचकांच्या वडिलांची तेव्हा हरमलला खानावळ होती, ते लिहितात की उधारीच्या वहीत अमेरिकन थोडे आणि इंग्रज, फ्रेंच, जर्मनच जास्त होते. त्यांचं म्हणणं बरोबर दिसतं, कारण युरोपातून इस्तंबूल, तेहरान, काबूल करत गाडीरस्त्याने येणं स्वस्त होतं, तो रस्ता १९७९ला इराण आणि अफगाणिस्तान पेटल्यावर बंद पडला. हणजुण्याच्या बाजाराशी ज्याचं नाव जोडतात तो एट फिंगर एडी मात्र अमेरिकनच. आणि आमच्या आजीकडे पेज जेवला तोही, कारण मास्तरांनी त्याचं घड्याळ विकत घेताना आधी पासपोर्ट उलटसुलट करून बघितला होता, चोरीचं असेल तर म्हणून.